टस्कीगीचे विमानतळ : गौरव नेमका कशाचा?

१/ दुसऱ्या महायुद्धातील टस्कीगीच्या कृष्णवर्णीय अमेरिकी वैमानिकांच्या शौर्यकथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. हा धागा मात्र ते जिथे उडायला शिकले, त्या विमानतळांविषयी आहे.

२/ कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने आणि धैर्याने उणा असतो, असा निष्कर्ष अमेरिकी लष्कराच्या युद्ध महाविद्यालयाने १९२५ मध्ये काढला होता. त्यामुळे लष्करी विमानांची दारे त्याला बंदच राहिली. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी दबाव आणल्यावर जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या ‘स्वतंत्र’ तुकडीची घोषणा झाली. येथे ‘स्वतंत्र’चा अर्थ एवढाच : वेगळी ठेवलेली.

३/ अलाबामातील टस्कीगी संस्थेने रोझेनवाल्ड निधीकडून १,७५,००० डॉलरचे कर्ज घेऊन मोटन फील्ड उभारले. तेथे द्विपंखी स्टिअरमन विमानांवर प्राथमिक धडे मिळत. पुढील शिक्षणासाठी लष्कराने जवळच दुसरा, संपूर्ण नवा तळ बांधला.

४/ खरी मेख येथेच आहे. अवघ्या ६५ किलोमीटरांवर, माँटगोमेरीला, लष्कराचे मॅक्सवेल फील्ड आधीपासून होते. तरीही नवा तळ बांधला गेला, तो गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एका वर्गात बसवावे लागू नये म्हणून. युद्धकाळात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या राष्ट्राने वर्णभेदासाठी मात्र हात सैल सोडला.

५/ पहिल्या तुकडीतील १३ पैकी ५ जणांना ७ मार्च १९४२ रोजी वैमानिकाचे पंख मिळाले. तळ एकच, म्हणून जागाही मोजक्याच. पात्र तरुण ताटकळत राहिले. युद्धमंत्र्यांचे कृष्णवर्णीय सल्लागार विल्यम हेस्टी यांचा या वेगळ्या तळाला आरंभापासून विरोध होता. हवाई दलातील भेदभावाच्या निषेधार्थ त्यांनी जानेवारी १९४३ मध्ये पद सोडले.

६/ ‘टस्कीगी नसते, तर सैन्यातील भेद संपवणारा १९४८ चा ट्रूमन यांचा आदेशही आला नसता,’ असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण श्रेय तेथे शिकलेल्या सुमारे १,००० वैमानिकांचे आणि त्यांची विमाने सज्ज ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचे आहे, त्यांना वेगळे बसवणाऱ्या व्यवस्थेचे नव्हे.

७/ मोटन फील्ड १९९८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. ते जपलेच पाहिजे. मात्र तेथे केवळ पराक्रमाचे स्मारक पाहणे हा अर्धा इतिहास झाला. जी पात्रता कधी सिद्ध करावी लागायलाच नको होती, ती सिद्ध करण्यासाठी या माणसांना प्राण पणाला लावावे लागले. उरलेला अर्धा इतिहास तो आहे.