साफसफाईवाला भाजला तर तो अपघात नसतो का?

गेल्या गळीत हंगामात आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका पोराचा हात मी पाहिला. साखर कारखान्यात ठेकेदाराकडं साफसफाईला होता. गरम पाण्याच्या प्रेशर मशीनची गन निसटली आणि फवारा तळव्यावर बसला. वरून दिसायला टाचणी टोचल्याएवढं भोक. मुकादमानं मलम लावून परत कामावर धाडलं. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. शेवटी दोन बोटं काढावी लागली. अपघाताच्या नोंदीत त्याचं नाव नाही, कारण हजेरीपटावरच नव्हतं.

मोटारीच्या चाकात साधारण ३० पौंड हवा असते. या मशीनचा दाब २००० पौंड आणि त्याहून जास्त असतो. एवढ्या दाबाचं पाणी कातडी भेदून आत शिरतं, सोबत घाण आणि रसायन नेतं. म्हणून जखम बारीक दिसली तरी काही तासांत शस्त्रक्रिया लागते. त्यात पाणी गरम. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. ही मशीनं ८०-९० अंशांपर्यंत पाणी तापवतात.

साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. तो कॉस्टिक सोड्यानं उकळून सैल करतात, मग ब्रशनं किंवा पाण्याच्या दाबानं काढतात. हे झालं नाही तर गाळप मंदावतं. म्हणजे काम कारखान्याच्या काळजाचं, पण करणारा मात्र ‘हेल्पर’!

डिसेंबर २०१७ मध्ये परळीच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात उसाच्या गरम रसाची टाकी फुटली. कामगार भाजले, काहींचे जीव गेले. त्याची बातमी झाली, कारण एकाच वेळी अनेक जण भाजले. एकेकटा भाजणाऱ्याची बातमी होत नाही आणि नोंदही होत नाही.

‘त्यानंच गन नीट धरली नाही,’ असं आता सांगितलं जातं. गनचा घोडा सोडला की पाणी थांबतं, ही त्या यंत्रातली सुरक्षा आहे. तो घोडा तारेनं बांधून ठेवला होता. कुणी? काम लवकर उरकावं म्हणून ज्यांना घाई होती त्यांनी. जाड हातमोजे, चेहऱ्यावरची ढाल, रबरी बूट यांचा खर्च कुणी वाचवला?

‘तो ठेकेदाराचा माणूस’ हेही उत्तर चालणार नाही. ठेकेदारामार्फत काम करून घेतलं तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासूनच आहे. तत्त्व जुनं आहे, पण आमच्या पोरांपर्यंत पोचलेलं नाही.

आता जातीचं बोलू. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तुटलेला धागा तोंडानं ओला करावा लागतो, विटाळ होईल म्हणून. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आज खात्याच्या दारावर जातीची पाटी नाही. पण ऑपरेटरच्या खुर्चीवर कोण बसतो आणि टाकीत कोण उतरतो, हे आडनावं वाचून पाहा. साफसफाईला कौशल्य मानायचं नाही, म्हणून प्रशिक्षण नाही. प्रशिक्षण नाही, म्हणून इजा. आणि इजा झाली की दोष त्याचाच. हे चक्र तांत्रिक नाही, सामाजिक आहे.

थोडं आपल्यालाही विचारू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला आपण हजारोंनी निघतो. आपल्याच वस्तीतला पोरगा हात गमावून घरी बसतो, तेव्हा कारखान्याच्या गेटवर किती जण जातो? १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांचा वारसा फक्त पुतळ्यात नाही, हजेरीपटातही आहे.

म्हणून पुढच्या हंगामाआधी तीनच गोष्टी मागा: प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर, कामाआधी प्रशिक्षण आणि साधनं, प्रत्येक इजेची लेखी नोंद. आणि बारीक जखम झाली तरी थांबू नका, थेट शल्यचिकित्सकाकडं जा. बोटं परत येत नाहीत.

जय भीम!