रांगेंत खोळंबलेले निरोप

गेल्या श्रावणांत एका रात्रीं दीडच्या सुमारास आमच्या पुतण्याचा मोबाइल वाजूं लागला. एकत्र कुटुंबांत अपरात्रींची घंटा एकट्याची कधींच नसते. दहा मिनिटांत दिवाणखान्यांत तीन पिढ्या जमल्या. कोणी आजारी नाहीं, इतकें कळल्यावर बाकीची मंडळी निजावयास गेली. मी व आमच्या मातोश्री मात्र बसून राहिलों. हा पुतण्या एका औषधांच्या घाऊक पेढीचा सर्व्हर सांभाळतो, आणि त्या रात्रीं गांवोगांवच्या दुकानदारांच्या मागण्या कोठाराकडे पोंचेनाशा झाल्या होत्या. ज्या घरांतील एखादा मुलगा वा सून असल्या कामावर नाहीं, असें घर आमच्या वाचकांत आतां विरळाच. म्हणून ही हकीकत सांगतों.

मागणी घेणारा प्रोग्रॅम आणि ती कोठारास कळविणारा प्रोग्रॅम यांची थेट गांठ घालीत नाहींत. मध्यें टपालकचेरीसारखा एक मध्यस्थ असतो. येथें तो रॅबिटएमक्यू नांवाचा होता. धाडणारा निरोप रांगेंत टाकून मोकळा होतो; घेणारा तो सवडीनें उचलतो, काम उरकतो व पोंच देतो. पोंच येईपर्यंत मध्यस्थ निरोप खोडीत नाहीं, आणि घेणारा मध्येंच कोसळला तर तोच निरोप दुसऱ्याच्या हातीं देतो. २००७ सालीं निघालेलें हें साधन अर्लांग नांवाच्या भाषेंत लिहिलेलें आहे. टेलिफोनच्या खोळंब्याचें गणित १९०९ सालीं मांडणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांचेंच तें नांव.

पेढींतील वरिष्ठांनीं फोनवरून सांगितलें, "रांग साफ करा आणि सर्व्हर बंद करून पुन्हां चालू करा." तसें केलें असतें तर पडद्यावरचे तांबडे इशारे दोन मिनिटांत नाहींसे झाले असते. परंतु रांग साफ करणें म्हणजे न वाचलेलीं पत्रें चुलींत घालणें होय. दुकानदारांस 'मागणी नोंदली' असा जबाब आधींच गेलेला. ते कशाला पुन्हां मागणी करतील? सर्व्हर नुसता बंद करणेंही निर्धोक नव्हतें. रांग टिकाऊ ठरविलेली असली तरी त्यांतील प्रत्येक निरोपही टिकाऊ म्हणून धाडावा लागतो. नाहींतर मध्यस्थ बंद होतांच तो नष्ट होतो. पेढीच्या कांहीं मागण्या तशा धाडलेल्या नव्हत्या, हें पुतण्यास ठाऊक होतें. "काका, ह्यांत इन्सुलिनच्याही मागण्या आहेत," एवढेंच तो म्हणाला. मातोश्री पंधरा वर्षें इन्सुलिन घेत आहेत. त्यांनीं जपमाळ खालीं ठेवली.

त्यानें कशालाही हात न लावतां प्रथम तीन आंकडे पाहिले: वाट पाहणारे निरोप किती, दिलेले पण पोंच न आलेले किती, आणि घेणारे किती. वाट पाहणारे अकरा हजारांवर गेले होते. घेणारे क्षणांत चार, क्षणांत एक, पुन्हां चार. सारें निदान या तिसऱ्या आंकड्यांत होतें. चारही घेणारे स्थिर असून पोंच नसती, तर ते डेटाबेसपाशीं वगैरे अडकले असें समजतां आलें असतें. येथें ते मरत होते, व त्यांचा राखणदार प्रोग्रॅम त्यांना पुन्हां उठवीत होता. म्हणजे एखादा विषारी निरोप आघाडीला होता. जो उचली तो कोसळे, आणि त्यानें बरोबर घेतलेले पन्नास चांगले निरोपही मागें येत. एखादी तुकडी निसटून पार पडे, पुढची अडके. आवक मात्र चालूच. गंमत अशी कीं, घेणाऱ्याच्या हातीं असलेले निरोप रांग साफ करण्यानें जातच नाहींत. वरिष्ठांचें ऐकलें असतें तर विष बहुधा राहिलें असतें व चांगल्या मागण्या गेल्या असत्या.

शिवाय धाडणारेही थिजले होते. दर मरणागणिक नोंदवहींत पानेंच्या पानें लिहिलीं जात, आणि ती नोंदवही मध्यस्थाच्याच डिस्कवर. मोकळी जागा ठरलेल्या मर्यादेखालीं गेली कीं रॅबिटएमक्यू नवे निरोप घेणें थांबवितो. ही मर्यादा मुळांत ५० मेगाबाइट असते. आमच्या मतें ती फारच तोकडी. सुदैवानें पेढीनें ती वाढविलेली होती.

पुतण्यानें चारही घेणारे थांबविले व जुन्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर हलविल्या. जागा होतांच धाडणारे आपोआप चालूं लागले. मग आघाडीचे निरोप परत ठेवण्याच्या बोलीवर काढून वाचतां वाचतां नववा निरोप गुन्हेगार निघाला. संख्येच्या रकान्यांत एका दुकानदारानें 'दोन डझन' असें लिहिलें होतें! रांगेंतून मधलाच एक निरोप उपटण्याची सोय नसते. म्हणून घेणाऱ्या प्रोग्रॅमांत चार ओळी घातल्या कीं, न समजलेला निरोप मागें न ठेवतां बाजूच्या रांगेंत टाकावा. हिला डेड लेटरची रांग म्हणतात. नांव उघडच टपालखात्याकडून उसनें घेतलेलें. क्वोरम जातीच्या रांगेंत, २०२४ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून, २० वेळां परतलेला निरोप पुढच्या खेपेस आपोआप बाजूस निघतो. पण बाजूची रांग नेमलेली नसेल तर तो टाकूनच दिला जातो, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

पहाटे चारला त्यानें एकच घेणारा सुरू केला. तो टिकला, तेव्हां बाकीचे तीन. साडेपांचला रांग रिकामी झाली. बाजूच्या रांगेंत एकच निरोप होता. त्याचे २४ नग पुतण्यानें कोठारास फोन करून तोंडी लिहवून दिले.

चहा घेतां घेतां मातोश्रींनीं विचारलें, "त्या दोन डझनांत होतें तरी काय रे?"

"खोकल्याचें औषध, आजी."