सीटवरचा टॉवेल

आपल्याकडे लोक गाडी बुक करताना मोठ्या हौसेने फिकट रंगाच्या लेदर सीट्स निवडतात. बेज, क्रीम, आयव्हरी वगैरे. शोरूमच्या दिव्यांखाली त्या दिसतातही झकास, आणि गाडी आतून ऐसपैस वाटते. मग गाडी घरी येते, पेढे वाटले जातात, आणि आठवड्याच्या आत त्या दुधी सीट्सवर काळ्या रेक्झिनची कव्हरं चढतात! ज्या रंगासाठी वरच्या मॉडेलचे पैसे मोजले, तो रंग मग थेट गाडी विकायच्या दिवशी दिसतो. तोही पुढच्या मालकाला.

कव्हर नसेल तर टॉवेल. सरकारी साहेबाच्या खुर्चीवर असतो ना, तसला पांढरा टर्किश. कुणी बसायला आलं की आधी टॉवेल अंथरायचा, मग माणूस.

माझ्या गाडीत चार वर्षं क्रीम रंगाच्या सीट्स आहेत, उघड्या. घरात दोन मुलं, बाहेर पुण्याची धूळ, आणि वर्षातून चार-पाच वेळा सासरी फलटणला चक्कर. तेव्हा थोडं अधिकारवाणीने बोलते :) माझं मत असं, की कव्हर काढा, टॉवेल घडी करून कपाटात ठेवा आणि सीट खुशाल मळू द्या. मग ती पुसा. ती पुसता येते, आणि वाटतं त्यापेक्षा सोपं असतं. फक्त आपण नक्की काय पुसतोय ते माहीत हवं.

कारण गोंधळ तिथेच आहे. 'लेदर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोल्हापुरी चप्पल येते. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, वरून उघडं. ते तेल पितं, घाम पितं, पायाचा आकार घेतं. गाडीची सीट ही वेगळीच जात. तिचं कातडं बहुतेक वेळा क्रोमने कमावलेलं असतं, त्यावर रंगाचा थर आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. म्हणजे तुमचा हात कातड्याला लागतच नाही, रंगाच्या वरच्या त्या पातळ पापुद्र्याला लागतो. शिवाय अनेक गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग लेदरचा असतो, बाजू आणि पाठ कृत्रिम. काही गाड्यांत तर सगळंच लेदरेट, म्हणजे आपलं जुनं रेक्झिनच, शिकून सवरून आलेलं. शंका असेल तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा वर राहिला तर वर थर आहे. आत मुरून तिथे काळपट झालं तर कातडं उघडं आहे, मग जपून.

म्हणूनच शेजारच्या काकूंचा खोबरेल तेलाचा उपाय इथे कामाचा नाही. (काकू, तुम्ही वाचता हे मला माहीत आहे. चपलेसाठी तुमचं बरोबर आहे.) तेल आत जायला वाटच नसते, ते वर चिकट बसतं आणि रस्त्यावरची धूळ धरून ठेवतं. दुकानात दहा मिनिटांत सीट चकचकीत करून देतात तेही जवळपास तसलंच. स्वच्छ सीट चकाकत नाही, ती मंद दिसते. जिथे डोकं आणि मांड्या टेकतात तिथली चकाकी म्हणजे तेलकट मळ. हे कळल्यावर मला सगळ्या गाड्या वेगळ्याच दिसायला लागल्या.

आता डाग. फिकट सीटचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नवी जीन्स. निळा इंडिगो हा पाण्यात न विरघळणारा रंग, सुताच्या बाहेरच्या भागावरच बसलेला. घासलं की सुटतो. म्हणून तर जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते. तो सुटलेला निळा जातो कुठे? ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या कडेवर, जिथून आपण रोज घसरून आत शिरतो. काही दिवसांत पुसला तर निघतो. दोन महिने उन्हात तापत राहिला तर त्या वरच्या थरातच मुरतो, आणि मग रडू नका. नवी जीन्स दोन-तीनदा वेगळी धुऊन मगच गाडीत, हा आमच्या घरचा नियम. दुसरं म्हणजे डोक्याचं तेल. तिसरं सनस्क्रीन, हे तर तेल आणि रसायन दोन्ही. आणि चौथी आपली हळद.

हळदीसाठी जेजुरीला जावं लागेल. दिराच्या लग्नानंतर २०२३ साली आम्ही सगळे खंडोबाला गेलो होतो. नवरदेवाने रिवाजाप्रमाणे नवरीला उचलून पाच पायऱ्या चढवल्या, भंडाऱ्याची उधळण झाली, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. खाली आलो तेव्हा माझ्या मावससासूबाई (वय सत्तरच्या पुढे, डोक्याला भरपूर तेल, नऊवारीच्या घड्याघड्यांत भंडारा) माझ्या गाडीपाशी आल्या. आमच्यातल्याच एकाने घाईघाईने म्हटलं, "थांबा मावशी, टॉवेल टाकतो." त्या दाराशीच थांबल्या. आत बघितलं आणि म्हणाल्या, "नगं गं पोरी, दुधावाणी गादी हाय तुझी. मी येते त्या क्रूझरमधनं." क्रूझरमध्ये आधीच बारा जण बसले होते.

मी टॉवेल काढून डिकीत टाकला आणि म्हटलं, "मावशी, बसा. अशाच बसा." त्या बसल्या. पण कशा, तर अगदी कडेला, पाठ न टेकता, पुढच्या सीटला धरून. नीरा आलं, लोणंद आलं, मी आरशातून दोनदा सांगितलं, टेका ना पाठ. "बसल्ये की," एवढंच. फलटण येईपर्यंत त्या तशाच होत्या.

मला तो प्रवास विसरता येत नाही. कातडं कमावणाऱ्या माणसांना आपण पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या हातचं पाणी चालायचं नाही. आता तेच कातडं गाडीत बसवल्यावर इतकं सोवळ्यातलं झालंय, की घरातल्या म्हातारीने त्याला पाठ लावू नये. मग कामाच्या ताई, गॅरेजचा पोरगा, भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्ट मागणारी शेजारीण, यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. टॉवेल अंथरणाऱ्याला वाटतं आपण सीट जपतोय. बसणाऱ्याला मात्र नेमकं कळतं की जपणूक कोणापासून चालली आहे.

बरं, त्या भंडाऱ्याचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस मिनिटांत गेला. हळद कोरडी असेपर्यंत ओलं फडकं लावायचं नाही, हे महत्त्वाचं. आधी व्हॅक्यूम, मऊ ब्रशचं तोंड लावून, शिलाईच्या फटींतूनसुद्धा. ओलं केलं की ती बसलीच. कपड्याचा साबण किंवा सोडा तर अजिबात नको, कारण हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. चुना लावून बघितलाय ना लहानपणी? उरलेला पिवळा भाग लेदरच्या क्लीनरने पुसला. एके ठिकाणी, मावशींचं डोकं नव्हे, हात टेकला होता तिथे, अगदी फिकी छटा राहिली. हळदीचा रंग उजेडात उडतो, कपडा उन्हात वाळवल्यावर उडतो तसा. खिडकीजवळची ती छटा दोन-तीन आठवड्यांत दिसेनाशी झाली.

रोजची पद्धत याहून वेगळी नाही. न्यूट्रल पीएचचं सौम्य क्लीनर घ्यायचं, आणि ते सीटवर नाही, ब्रशवर फवारायचं. ब्रश मऊ हवा, माझा तर नवऱ्याचा जुना दाढीचा आहे. वीत-दीड वीत जागा घ्यायची, हलक्या हाताने फेस करायचा, मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसायचं, मग कोरडं फडकं. एकदा नाही निघालं तर पुन्हा तेच, जोर वाढवायचा नाही. सीटला बारीक भोकं असतील तर आणखी कमी ओलं, कारण हवा खेळवणाऱ्या सीट्सच्या खाली पंखा असतो. कुठलीही नवी बाटली आधी सीटच्या मागे, न दिसणाऱ्या जागी लावून बघायची. साध्या मळाला चारही सीट्स मिळून तासभर पुरतो. मी तीन-चार महिन्यांतून एकदा करते, मधे फक्त ओलसर फडकं.

टूथपेस्ट, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, नेलपॉलिश रिमूव्हर हे सगळे घरगुती इलाज विसरा. रिमूव्हर तर डागाबरोबर रंगही उचलतो. तो पांढरा 'जादूचा' स्पंज मिळतो ना, त्याने डाग खरंच जातो, पण तो अतिबारीक पॉलिशपेपर आहे. डाग जातो तो वरच्या थरासकट. पुढचा डाग मग थेट रंगात.

आणि संरक्षण हवंच असेल तर ते कव्हरचं नको, बाटलीतलं घ्या. लेदर प्रोटेक्टंट नावाने मिळतं. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या सीटवर पातळ लावायचं, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ वाळू द्यायचं. मग जीन्सचा निळा, तेल, हळद हे सगळं त्याच्यावर बसतं आणि पुसताना सहज सुटतं. गाडी नवी असताना, पहिला डाग पडायच्या आधी लावलं तर उत्तम. ते झिजतं, म्हणून पुन्हा लावावं लागतं.

कव्हरबद्दल आणखी एक, आणि हे गमतीत नाही. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला, पाठीच्या आत साइड एअरबॅग असते. कडेला 'एअरबॅग' लिहिलेलं छोटं लेबल असतं, तेच कव्हरखाली झाकलं जातं. अपघातात ती एअरबॅग सीटची शिलाई फाडून बाहेर यायची असते. वरून घट्ट शिवलेलं जाड कव्हर असलं तर ती अडू शकते. त्यासाठी बाजू उघडी ठेवलेली कव्हरंही मिळतात, पण दुकानदाराला विचारलं तर मला उत्तर मिळालं, "मॅडम, साहेबांना घेऊन या, त्यांना दाखवतो." असो.

कुणी म्हणेल एवढा वेळ कुणाला आहे. खरंय, काम आहे. ज्याला ते करायचं नाही त्याने गडद रंग घ्यावा, त्यात कमीपणा नाही. आणि चादर मीही घालते. देवगडहून आलेल्या आंब्याच्या पेट्यांखाली, गणपतीच्या पाटाखाली, ओल्या रेनकोटांखाली. पेट्या मन लावून घेत नाहीत.

दिराच्या गाडीच्या सीट्स काळ्या कुळकुळीत आहेत, त्यामुळे तो हे वाचून हसणार. हस बाबा. मे महिन्यात दुपारी दोनला, उन्हात उभ्या केलेल्या त्या गाडीत बर्मुडा घालून बसून दाखव, मग बोलू.