धार कुणाची, नाव कुणाचं?

नाणी जमवणारे, तिकिटं जमवणारे, फाउंटन पेनं जमवणारे आपल्या कॉलेजातही सापडतील. पण कुणी ‘मी जुने वस्तरे जमवतो’ म्हटलं, की समोरचा आधी हसतो आणि मग जरा मागे सरकतो. न्हाव्याच्या हातातला तो दुमडता, सरळ पात्याचा वस्तरा, तो काय जमवायचा? तरीही हा छंद आहे आणि जगभर आहे. जुन्या बाजारातून गंजलेले वस्तरे आणायचे, साफ करायचे, मोडलेली मूठ बदलायची, धार लावायची. पुष्कळ जण मग त्यानेच रोजची दाढीही करतात. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना अंकलच म्हणतो, त्यांच्यामुळे मी हे सगळं गेली तीन-चार वर्षं जवळून बघतोय. छंद मला आवडतो. पण तो ज्या पद्धतीने केला जातो त्याबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती साहित्य मंडळाच्या अंकात मांडायला हरकत नाही असं वाटतं, कारण शेवटी ती नावांची आणि शब्दांची तक्रार आहे.

आधी वस्तऱ्याला त्याचं श्रेय देऊ. ही वस्तू दिसायला साधी, पण तिच्यामागे डोकं भारी आहे. पात्याची पाठ जाड असते आणि तिथून ते धारेकडे निमुळतं होत जातं. धार लावताना वस्तरा दगडावर आडवाच ठेवायचा, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. कोन मोजावा लागत नाही, पाठच तो ठरवते. वर्षानुवर्षं दगडावर घासून दोन्ही बाजू मिळून झिजतात, त्यामुळे कोन फारसा बदलत नाही. म्हणून दीडशे वर्षांचा वस्तरा, गंजाने खोल खड्डे पडले नसतील तर, आजही गुळगुळीत दाढी करतो. धार बोथट असेल तर हजार नंबरच्या दगडापासून सुरुवात करून आठ हजार, बारा हजारापर्यंत बारीक दगडावर जायचं आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे. उलट केलं तर पट्टाच कापला जातो.

हे पोलाद आलं कुठून? १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या इंग्रज घड्याळजीला स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. शेफील्डजवळ त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवून ओतायची पद्धत बसवली. पुढे शेफील्डचे वस्तरे जगभर गेले. त्यांच्यावर ‘कास्ट स्टील’ हे शब्द अभिमानाने ठोकलेले असायचे. जर्मनीतल्या झोलिंगेनने नंतर दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं पातळ पातं नावारूपाला आणलं, आणि त्या गावाच्या नावाला एवढी किंमत आली की १९३८ मध्ये ते नाव कुणी वापरावं यासाठी जर्मनीत वेगळा कायदाच झाला.

संग्राहक हे शिक्के भिंगाखाली वाचतात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे नुसतं ‘शेफील्ड’ असलेला वस्तरा बहुधा त्याआधीचा आणि ‘शेफील्ड, इंग्लंड’ असलेला बहुधा नंतरचा, असा ढोबळ अंदाज बांधतात. म्हणजे वस्तरा हा वाचायचा मजकूर आहे. आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्याला तो छंद का भुरळ घालतो, ते एवढ्यावरून कळावं.

आता दुरुस्तीबद्दल. यात दोन पंथ आहेत. एका पंथाला जुना वस्तरा नव्यासारखा, आरशासारखा चकचकीत हवा. दुसरा पंथ म्हणतो, जेवढं आवश्यक तेवढंच करा. मी दुसऱ्या पंथाचा. लाल गंज पोलाद खात राहतो, तो काढलाच पाहिजे. पण जुनेपणाने पात्यावर आलेली काळपट झाक काही नुकसान करत नाही, ती राहू द्यावी. मोटारीच्या पॉलिश चाकावर पातं धरणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. धारेजवळ पातं इतकं पातळ असतं की घर्षणाने ते क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. शिवाय चाक गंजाबरोबर शिक्काही पुसून टाकतं. वस्तरा चमकतो, पण तो कुणाचा, कुठला, कधीचा हे कायमचं गेलं. बारीक पॉलिश पेपर, थोडं तेल आणि दोन-चार संध्याकाळी, एवढं पुरतं.

मुठीचंही तसंच. शिंगाची असेल तर तेल लावून जपावी. सेल्युलॉइडची असेल तर वेगळी ठेवावी, कारण ती कुजायला लागली की तिच्यातून निघणाऱ्या वाफेने शेजारची पातीही गंजतात. हस्तिदंती मुठीचा वस्तरा मात्र कितीही देखणा असो, विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९८९ मध्ये आफ्रिकन हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला तो उगाच नाही. ‘जुनाच आहे हो’ या सबबीखाली बाजार चालू राहतो.

इथपर्यंत बरेच संग्राहक माझ्याशी सहमत होतील. माझी तक्रार इथून पुढे सुरू होते.

पात्यावर ठोकलेलं नाव असतं कारखान्याच्या मालकाचं. पण पातं घासलं कुणी? शेफील्डमध्ये घासणारे कामगार फिरत्या दगडापुढे वाकून दिवस काढत. दगडाची आणि पोलादाची धूळ त्यांच्या छातीत जायची आणि त्यातले कितीतरी जण ऐन उमेदीत खोकत मरायचे. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या डॉक्टरांनी या आजारावर लिहून ठेवलंय; त्याला ‘ग्राइंडर्स अस्थमा’ असंच नाव पडलं होतं. ज्यांच्या फुप्फुसांनी त्या धारेची किंमत मोजली, त्यांचं नाव एकाही वस्तऱ्यावर नाही.

आणि आपल्याकडे? अंकलच्या काचेच्या कपाटात शेफील्डचे सहा वस्तरे आहेत, मखमलीवर ठेवलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. त्याच घरात हत्यारांच्या पत्र्याच्या डब्यात एक सातवा वस्तरा आहे. कुणा गावच्या लोहाराने घडवलेला, शिक्का नाही, मूठ लाकडी, पातं घासून घासून अर्धं राहिलेलं. अंकलना पट्ट्यावर हात कसा फिरवायचा ते शिकवलं, त्या म्हाताऱ्या न्हावी मामांनी तो दिला. खानापूरकडच्या खेड्यांत त्यांनी धोकटी घेऊन दारोदार फिरून तीस वर्षं त्यावर हजामती केल्या. मी अंकलना विचारलं, ‘हा डब्यात का?’ ते म्हणाले, ‘त्याला काही कलेक्टर्स व्हॅल्यू नाही रे.’ बाजारभावाने बघितलं तर ते खरंच बोलले. पण सहा वस्तऱ्यांबद्दल आम्हाला फक्त कारखाना माहीत आहे, आणि सातव्याबद्दल माणूस माहीत आहे. मग किंमत कशाची कमी?

मामांनी तो का दिला, हे जास्त महत्त्वाचं आहे. त्यांचा मुलगा शहरात सलून चालवतो. एसी आहे, मोठे आरसे आहेत. त्याने वडिलांना सांगितलं, ती धोकटी दुकानात आणू नका. त्या मुलाला दोष द्यायला माझं मन होत नाही. एकतर एकच वस्तरा दहा गिऱ्हाइकांना लावणं आज चालणार नाही. रक्तातून पसरणाऱ्या आजारांचं भान आल्यावर सलूनमधून जुने वस्तरे गेले आणि दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे आले, हे चांगलंच झालं. दुसरं म्हणजे धोकटीबरोबर जातीचा शिक्का येतो. आपल्या भाषेनेच तो ठोकलाय. ‘न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघणार’ असं आपण सहज बोलून जातो. एखाद्याची फजिती झाली की त्याची ‘बिनपाण्याने’ केली म्हणतो. ज्या कामावाचून कुणाचं लग्नकार्य पार पडत नव्हतं, त्या कामाचे शब्द आपण थट्टेसाठी राखून ठेवले. आम्ही ख्रिस्ती लोक ‘आमच्यात जात नाही’ असं म्हणतो, पण हे वाक्प्रचार आमच्याही घरात तेवढ्याच सहज वापरले जातात.

खरं तर या शब्दांत केवढा इतिहास आहे! ‘वस्तरा’ फारसीतून आला, हिंदी-उर्दूतला ‘उस्तरा’ त्याचाच भाऊ. ‘हजामत’ या शब्दाच्या मुळाशी अरबी ‘हिजामा’ आहे, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. म्हणजे न्हावी हा वैद्यही होता. इंग्लंडमध्ये तर १५४० पासून १७४५ पर्यंत लंडनचे न्हावी आणि शल्यचिकित्सक एकाच संघात होते. सर्जनला पुढे मान मिळाला, न्हावी मागे राहिला. हत्यार दोघांचंही धारदारच.

आणि संतपरंपरा बघा. वारकऱ्यांचे सेना न्हावी, ज्यांनी आरसा आणि चिमटा या आपल्या धंद्याच्या वस्तूंनाच भक्तीच्या भाषेत आणलं. आमच्याकडे पेरू देशातल्या लिमाचे सेंट मार्टिन द पोरेस, काळ १५७९ ते १६३९. आई मुक्त झालेली कृष्णवर्णीय गुलाम, वडील स्पॅनिश. लहानपणी न्हाव्याचं आणि जखमा बांधायचं काम शिकले, मठात गेल्यावरही हलकी कामंच वाट्याला आली, आणि १९६२ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. न्हाव्यांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांना मानतात. दोन्ही परंपरांनी हे हात पवित्र मानले आणि दोन्हीकडच्या समाजाने ते हलके ठरवले.

हाच वस्तरा अन्यायाचंही हत्यार होता, हे लपवायचं कारण नाही. आपल्याकडे विधवांचं केशवपन याच पात्याने झालं. पण १८९० च्या आसपास सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि हे काम आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांना समाज विचारत नव्हता, त्यांनी समाजाला नकार दिला. माझ्या लेखी वस्तऱ्याच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. संग्राहकांच्या गप्पांत मात्र ती मी अजून ऐकलेली नाही.

कुणी म्हणेल, छंदावर एवढं ओझं कशाला टाकतोस? माणूस विरंगुळा म्हणून चार वस्तरे घासतो, त्याला समाजशास्त्र कशाला शिकवायचं? प्रश्न बरोबर आहे. पण संग्राहक स्वतःच म्हणतात ना, की आम्ही नुसत्या वस्तू जमवत नाही, वारसा जपतो. वारसा म्हटलं की त्यात माणसं आलीच. एर्नांदो तेयेज या कोलंबियन लेखकाची एक कथा आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. न्हाव्याच्या खुर्चीत त्याचा शत्रू, एक क्रूर कॅप्टन, दाढीला बसलाय. वस्तरा गळ्याशी आहे, तरी न्हावी मारत नाही. त्याला खुनी व्हायचं नसतं, चांगला न्हावी राहायचं असतं. धारेपेक्षा हाताचा स्वाभिमान मोठा, हे त्या लेखकाला कळलं. आपल्यालाही कळायला हरकत नाही.

म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे. तुमच्या घरी, आजोबांच्या पेटीत एखादा जुना वस्तरा असेल तर तो भंगारात देऊ नका आणि चाकावर धरून चमकवूही नका. तेलाचा हात फिरवा, कोरड्या कापडात गुंडाळा. आणि चिठ्ठी लिहा: हा कुणाचा, कुणी वापरला, कुणाच्या दाढ्या केल्या. वापरणारा न्हावी अजून असेल तर त्याला जाऊन विचारा. दगडाला तो काय म्हणायचा, पट्ट्याला काय, धार उतरली की काय शब्द वापरायचा. हे शब्द त्या पिढीबरोबर संपतील, आणि ते गोळा करणं हे मराठी साहित्य मंडळाचं काम नाही तर कुणाचं?

अंकलशी माझा वाद चालूच आहे. सातवा वस्तरा अजून डब्यातच आहे. पण मागच्या आठवड्यात त्यांनी मला मामांचं पूर्ण नाव आणि गाव एका कार्डावर लिहून मागितलं. कपाटात जागा करायला निदान सुरुवात झाली, असं मी समजतो.