रात्री दोनचा फॉल्ट

मंडळी, आपल्या धंद्यातलं सगळ्यात घातक वाक्य कोणतं? माझ्या मते, "एकदा बंद करून चालू करून बघा ना." घरच्या राउटरला ठीक आहे हो. पण कारखान्यातल्या मशीनलाही हाच सल्ला देणाऱ्या इंजिनिअरला पगार नेमका कशाचा मिळतो, असा प्रश्न मला पडतो. त्या इंजिनिअरांत मीही आलोच. म्हणून तर लिहितोय.

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये आमचा कंट्रोलर बसवला होता. छोटा एम्बेडेड बोर्ड, त्यावर लिनक्स. तो साध्या इथरनेटवरून, एका स्विचमार्फत, मोटरच्या ड्राइव्हला दर मिलिसेकंदाला एक पॅकेट पाठवायचा. सलग तीन वेळा उत्तर आलं नाही की मशीन जागच्या जागी थांबणार. सुरक्षेसाठी ते तसंच हवं. दिवसभर सगळं सुरळीत. रात्री दोनच्या सुमाराला मात्र मशीन बंद पडायचं. रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. रीस्टार्ट मारला की सकाळपर्यंत गुपचूप चालू.

रात्री दोन म्हटल्यावर सुपरवायझरचा निकाल तयारच होता. रात्रपाळीला आयटीआय झालेला, कंत्राटावरचा एक मुलगा असायचा. "पोरगं डुलक्या काढतंय साहेब, झोपेत कायतरी बटण दाबतंय." आम्ही पुण्यात बसून 'तपास' केला. दिवसाढवळ्या पिंग मारलं. सरासरी वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, एकही पॅकेट हरवलेलं नाही. ईमेल टाकली : नेटवर्क ओके. या दोन शब्दांनी त्या मुलावर शिक्का बसला आणि त्याचा महिन्याभराचा रात्रपाळीचा भत्ता कापला गेला.

तक्रारी थांबेनात तेव्हा मी स्वतः जाऊन रात्रपाळीला बसलो. मुलगा टक्क जागा होता. दोन वाजले आणि मशीन थांबलं. तो सवयीने मेन स्विचकडे धावला. म्हटलं, "थांब, कशालाही हात लावू नकोस." बोर्डवरचे नेटवर्कचे काउंटर उघडले. संध्याकाळी सीआरसी एररचा आकडा दोन आकडी होता, तो आता चार आकडी झालेला. स्विचवर पाहिलं तर आमच्या पोर्टचा फुल डुप्लेक्सचा दिवा विझलेला.

मग सगळा उलगडा झाला. बोर्डच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये आम्हीच पोर्ट '१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स' असा ठोकून ठेवला होता. जुन्या स्विचवरही तेच सेटिंग होतं. तो जळल्यावर कोणीतरी साधा स्विच आणून लावला. असा स्विच समोरच्याशी बोलून वेग आणि डुप्लेक्स ठरवतो. आमचा पोर्ट बोलायलाच तयार नाही. अशा वेळी स्विचला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. आता एक बाजू मनाला येईल तेव्हा बोलणार आणि दुसरी 'टक्कर झाली' समजून आपलं पॅकेट अर्ध्यात तोडणार. रहदारी कमी असली की हे खपून जातं. पण रात्री दोनला आमचाच बॅकअप ऑफिसच्या सर्व्हरकडे फाइल पाठवायचा. ज्या दिवशी उत्पादन जास्त, त्या दिवशी फाइल मोठी, आणि त्या रात्री मशीन बंद! बॅकअप अर्धवट राहतोय हेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे स्क्रिप्ट आमची, बॅकअप आमचा, आणि भत्ता कापला कोणाचा?

आता मुद्द्यावर येतो. मोजणी नसली की दोष उतारावरून घरंगळत जातो आणि सगळ्यात खालच्या माणसापाशी थांबतो. पुण्यातला इंजिनिअर साइटवरच्या मेंटेनन्सकडे बोट दाखवतो, मेंटेनन्स ऑपरेटरकडे. ऑपरेटरच्या खाली कोणी नसतं.

याचं पहिलं कारण म्हणजे आपलं सरासरीचं वेड. रिअल टाइम म्हणजे वेगवान नव्हे, वेळेवर. सातारा-सांगली एसटी सरासरीने पाचच मिनिटं उशिरा पोचत असेल, पण तुमच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी ती दोन तास अडकली तर ती सरासरी काय चाटायची? मिलिसेकंदाला एक म्हणजे तासाला ३६ लाख पॅकेटं. पिंग सेकंदाला एक जातं, म्हणजे तासाला ३६००. हजारात एक पाहायचं आणि 'नेटवर्क ओके' म्हणायचं! सरासरी नको, सगळ्यात वाईट वेळ दाखवा.

दुसरं कारण रीस्टार्ट. पॉवर गेली की बोर्डवरचे काउंटर शून्यावर येतात. रीस्टार्ट म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान स्वतःच पुनःपुन्हा रीस्टार्ट व्हायचं. नासाच्या इंजिनिअरांनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर ट्रेस चालू ठेवून त्यांनी तो बिघाड पुन्हा घडवला, कमी महत्त्वाचं काम जास्त महत्त्वाच्या कामाला अडवतंय हे शोधलं, आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. त्यांना कोट्यवधी किलोमीटरवरून जमलं. आपल्याला पुणे-सातारा जमत नाही.

"ते नासा हो, आपल्याकडे कुठलं एवढं?" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगलीकडची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऐन गाळप हंगामात असाच लपंडाव चालला होता. तिथल्या वायरमन मामांनी प्रत्येक फॉल्टची वेळ वहीत लिहून ठेवलेली, शेजारी त्या वेळी काय चालू होतं तेही. दोन पानं वाचली आणि समजलं : सेंट्रिफ्यूगल ब्रेक मारतं तेव्हाच पॅकेटं मरतात. नेटवर्कची केबल त्या ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये होती. शील्डेड केबल वेगळ्या मार्गाने ओढली, काम झालं. अर्धा दिवस लागला आणि कोणाचाही पगार कापला गेला नाही. चाळीस रुपयांची वही, मंडळी!

आणि मोजणीचा आमच्या सातारा जिल्ह्याइतका मोठा धडा कोणी दिलाय? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, धरणाला तडे गेले. पण धरणात धक्का मोजणारं यंत्र त्याआधीच बसवलेलं होतं, म्हणून तो धक्का नोंदला गेला. भूकंपात काँक्रीटचं धरण कसं वागतं हे तपासायला जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद वापरतात. यंत्र भूकंपानंतर बसवलं असतं तर?

नेहमीचा आक्षेप माहीत आहे. "प्रॉडक्शन थांबलंय, कस्टमर डोक्यावर बसलाय, मोजत कुठे बसता?" बरोबर. त्या क्षणी मोजायला वेळ नसतोच. म्हणून मोजणी आधीपासून चालू हवी. दर मिनिटाला काउंटर फाइलमध्ये, मेमरीत नव्हे. प्रत्येक फेरीचा सगळ्यात जास्त उशीर किती, तो आकडा. सगळ्या डब्यांची घड्याळं जुळलेली, नाहीतर बॅकअपचे दोन आणि मशीनचे दोन वेगळेच निघायचे. आणि रीस्टार्टच्या बटणापाशी एक कागद : 'आधी लॉग सेव्ह करा.' एका मिनिटाचं काम आहे. एवढंही नसेल तर वही ठेवा.

साताऱ्यात आम्ही स्क्रिप्टमधली ती एक ओळ काढली. बोर्ड आणि स्विच आपसात बोलले, दिवा लागला, फॉल्ट गेला. कंपनीला पाठवलेल्या रिपोर्टात मी लिहिलं : 'नेटवर्क इश्यू रिझॉल्व्ह्ड'. चूक आमची होती हे लिहायला माझा हात धजला नाही. पुढच्या महिन्यात फोन करून सगळं सांगितलं, त्याचे पैसेही परत मिळाले. पण तोवर तो मुलगा काम सोडून गेला होता.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या बोर्डचे काउंटर कुठे साठतात ते एकदा बघा. कुठेच साठत नसतील, तर 'नेटवर्क ओके' लिहिण्याआधी थोडं थांबा.