उधळा खेदिव, उधळा निजाम, उधळा शेतकरी

१/१५
इजिप्तवरचा कोणताही धागा उघडा. ममी, क्लिओपात्रा, नेपोलियन, स्फिंक्सचे नाक आणि मग एकदम नासर. मधल्या शतकाच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते: खेदिव इस्माइल उधळा होता, म्हणून देश कर्जात बुडाला आणि १८८२ मध्ये इंग्रज आले. हा धागा त्या एका ओळीविरुद्ध आहे.

२/१५
मी नवीन जालन्यात राहते. कुंडलिकेच्या या तीरावर बसून कैरोच्या कर्जाची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की हीच ओळ हैदराबादच्या निजामाबद्दल लिहिली गेली, दख्खनच्या कुणब्याबद्दल लिहिली गेली आणि आमच्या कापूसवाल्या शेतकऱ्याबद्दल आजही बोलली जाते. तिन्ही ठिकाणी पीक एकच आहे: कापूस.

३/१५
प्रारंभ नदीपासून करू. नाईलचा पूर उन्हाळ्याअखेर येई, शेतात पाणी आणि गाळ सोडून ओसरे, आणि हिवाळ्यात गहू-जव पिके. १८२० च्या दशकात मुहम्मद अलीने लांब धाग्याचा कापूस लावायला घेतला. या पिकाला पाणी लागते ते नेमके नदी आटलेली असताना. म्हणून कालवे खोल खणणे आले, आणि ते खणले वेठीला धरलेल्या फल्लाहांनी, म्हणजे तिथल्या कुळांनी. पीक बदलले तशी नदी बदलली आणि माणसाचे वर्षही बदलले.

४/१५
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. भाव भडकले आणि जगातल्या दोन प्रदेशांवर सोने बरसले: नाईलचा त्रिभुज प्रदेश आणि मुंबईच्या मागचा आपला मुलूख. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईत बॅक बेच्या शेअरांचा फुगा फुटला. दोन्हीकडे तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र जागच्या जागी राहिली.

५/१५
आता इस्माइलची उधळपट्टी. होय, त्याने महाल बांधले, १८६९ मध्ये कैरोत ऑपेरागृह उभारले. ते कोणी नाकारीत नाही. पण त्याच पैशांतून कालवे, रेल्वे आणि शाळाही झाल्या. शिवाय कर्ज मिळाले कोणत्या अटींवर? १८७३ चे कर्ज कागदावर ३ कोटी २० लाख पौंडांचे होते. इजिप्तच्या हाती पडले सुमारे २ कोटी. व्याज मात्र संपूर्ण रकमेवर. याला उधळपट्टी कोणाची म्हणावे?

६/१५
सुवेझचा हिशेब याहून विलक्षण आहे. कालवा कंपनीला वेठीचे मजूर आणि लगतच्या जमिनी देण्याचे आधी ठरले होते. इस्माइलने हे हक्क परत मागितले. प्रकरण लवादासाठी फ्रान्सच्या सम्राटाकडे गेले, आणि १८६४ मध्ये निवाडा झाला: इजिप्तनेच कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक भरपाई द्यावी. आपल्याच प्रजेला वेठीतून सोडवण्याची किंमत देशाने परक्या कंपनीला मोजली. उधळेपणाच्या गोष्टीत हे कलम कधी येत नाही.

७/१५
पुढचे टप्पे भराभर येतात. १८७५: सुवेझचे शेअर सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले. १८७६: धनकोंच्या प्रतिनिधींचा आयोग इजिप्तच्या महसुलावर बसला. १८७९: इस्माइल पदच्युत. 'इजिप्त इजिप्तवासीयांचा' म्हणणारा अहमद उराबी उठला, तेव्हा ११ जुलै १८८२ रोजी अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या गेल्या आणि १३ सप्टेंबरला तेल-अल-कबीरच्या लढाईत त्याचा मोड झाला. त्या लढाईत हिंदी पलटणी होत्या. त्यांच्या खर्चाचा काही भाग हिंदुस्थानच्या तिजोरीनेच उचलला.

८/१५
आता घराकडे वळू. जालन्याहून देऊळगावराजाच्या वाटेला लागलात की थोड्याच वेळात जुन्या वऱ्हाडात शिरता. जालना निजामाचेच राहिले. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेले. कशापायी? कर्जापायी. निजामाच्या माथी 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज मारलेली होती. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. करार पाहिले तर शांततेच्या काळात अशी फौज बाळगण्याचे बंधन निजामावर नव्हते. तरीही तिची थकबाकी साचली आणि त्या थकबाकीत वऱ्हाड गेले.

९/१५
गेले ते नेमके काळ्या मातीचे, कापसाचे वऱ्हाड. १८५७ मध्ये मँचेस्टरवाल्यांनी अमेरिकेखेरीज इतरत्र कापूस शोधण्यासाठी खास संघटना काढली होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत तिची शाखा गेली. फौजेची बाकी हे कारण खरे मानले, तर बाकी फिटल्यावर मुलूख परत यायला हवा होता. १९०२ मध्ये काय झाले? वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला गेला. कायमचा.

१०/१५
हा योगायोग म्हणाल, तर एका माणसाचा प्रवास पाहा. एव्हलिन बेअरिंग १८७७ मध्ये कैरोत कर्ज आयोगावर होता. १८८० मध्ये तो हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखात्याचा सभासद झाला. १८८३ मध्ये पुन्हा कैरोत गेला आणि १९०७ पर्यंत त्याने इजिप्तवर प्रत्यक्ष राज्य केले. पुढे तो लॉर्ड क्रोमर म्हणून ओळखला गेला. नाईलचे कालवे नव्याने बांधणारे स्कॉट-मॉनक्रीफ आणि विलकॉक्स हे अभियंतेही हिंदुस्थानच्या पाटबंधारे खात्यात तयार झालेले. दोन देशांचे इतिहास आपण वेगवेगळ्या धाग्यांत मांडतो. राज्यकर्त्यांच्या टेबलावर ते शेजारी होते.

११/१५
क्रोमरने कर्ज फेडून दाखवले, असे त्याचे चाहते सांगतात. फेडले कशातून? १९१४ च्या सुमारास इजिप्तच्या निर्यातीत कापसाचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. बारमाही पाण्याने भूजल वर आले, निचरा अपुरा पडला, जमिनी खारावल्या. कालव्यांच्या साचल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या फल्लाहांमध्ये बिलहार्झियाचा रोग फैलावला. पाठ्यपुस्तकात इतिहास, लोक, अर्थव्यवस्था आणि पर्यावरण ही चार प्रकरणे असतात. शेतात ते एकच प्रकरण असते.

१२/१५
आणि आता या गोष्टीतील सर्वांत छोटे पात्र: गुलाबी बोंडअळी. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या कापसाच्या सरकीतून ती इजिप्तमध्ये पोहोचली, असे कीटकशास्त्राचे अभ्यासक मानतात. तिथून ती अमेरिका खंडात गेली. एकाच पिकाने व्यापलेला देश म्हणजे अळीला घातलेली पंगत. इजिप्तला पऱ्हाट्या ठरल्या तारखेपूर्वी उपटण्याचे आणि पेरणीची सरकी तापवून घेण्याचे कायदे करावे लागले.

१३/१५
हीच अळी २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या कापसावर तुटून पडली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा ते बियाणे मोन्सॅन्टोच्या भागीदारीत आणणारी महिको ही १९६४ पासूनची, आमच्या जालन्याचीच कंपनी. तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याला त्याचा अभिमान आहे, मलाही. पण अळी बीटीला सरावली तेव्हा दोष कोणावर आला? शेतकऱ्याने रेफ्युजी लावली नाही, शेतकऱ्याने लोभाने फरदड ठेवली. फरदड ठेवणे चुकीचेच. परंतु पावसाच्या भरवशावरचा, दरवर्षी विकतचे संकरित बियाणे घेणारा कर्जदार माणूस तो शेवटचा वेचा का सोडीत नाही, हे विचारायचे की नाही?

१४/१५
आक्षेप मला ठाऊक आहे: सगळे खापर परिस्थितीवर फोडायचे, तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? उरते. इस्माइल निर्दोष नव्हता, निजामाचा दरबारही नव्हता. पण १८७५ मध्ये सुप्यात कर्जरोखे जाळले गेले, त्यानंतर सरकारनेच नेमलेल्या दख्खन दंगल आयोगाने नोंदवले की रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नकार्यांच्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिले जाते. वसाहतीच्या आयोगाला १८७० च्या दशकात दिसले, ते आपल्याला अजून दिसू नये? ऋणकोचा स्वभाव सांगितला की धनकोच्या अटी सांगाव्या लागत नाहीत. या गोष्टीची सोय नेमकी तीच आहे.

१५/१५
मित्रहो, खेदिवाच्या महालाची छायाचित्रे अवश्य टाका. शेजारी १८७३ च्या कर्जाचे दोन आकडे टाका: कागदावरचा आणि हातात पडलेला. निजामाच्या हिऱ्यांवर लिहा, तेव्हा कंटिन्जंटच्या पगारपत्रकावरही लिहा. आणि पुढच्या हंगामात कोणी पारावर बसून 'आमचा शेतकरीच उधळा' असे म्हणाला, तर त्याला एकच विचारा: कर्ज किती घेतले हे कळले, हातात किती पडले, आणि कोणत्या अटीवर? पटले नाही तर पुरावे घेऊन या, भांडू. धागा समाप्त.