रस्ता ओलांडणे : पाठांतर नको, सराव हवा

शिक्षक-पालक मित्रहो, देहूरोडला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला थांबलेली मुलं कधी नीट पाहिलीत का? 'आधी उजवीकडे बघा' हे त्यांना तोंडपाठ असतं. पण लहान मुलं बहुधा गाडी किती लांब आहे एवढंच बघतात, तिचा वेग नाही. म्हणून हा पाठ मैदानावर घ्या. चुन्याने 7 मीटर अंतरावर दोन रेघा आखा, मुलांना चालायला लावा, सेकंद मोजा. साधारण 6 भरतील. तेवढ्यात ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी 100 मीटर पुढे आलेली असते! हे गणित मुलांनाच करू द्या. आणि पालकहो, मुलाचा हात ओढत गाड्यांमधून पळू नका. थांबा, त्यालाच विचारा, "आता जायचं का?"